सीमेवरच्या वसाहतीचे दप्तर : अमेरिकी पश्चिमेच्या इतिहाससंशोधनाचा आढावा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत ॲपलाचियन पर्वतरांगांच्या पश्चिमेकडे वसाहत होत गेली. तिच्या सतत पुढे सरकणाऱ्या कडेला ‘फ्रंटियर’ आणि त्या कडेवर आधी जाऊन घर-शेत उभारणाऱ्यांना ‘पायोनियर’, म्हणजे आद्य वसाहतकार, म्हणण्याचा प्रघात आहे. हा विषय अमेरिकी इतिहासलेखनाच्या केंद्रस्थानी येऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली असून, या काळात त्याच एका घटनाक्रमाचे वर्णन कधी लोकशाहीची जडणघडण, कधी जमिनीचा सट्टा, कधी कुटुंबाच्या आणि विशेषतः स्त्रियांच्या श्रमाची कहाणी, तर कधी उघड भूमिहरण असे केले गेले. या मतांतरांचे मूळ सामान्यतः अभ्यासकांच्या विचारसरणीत शोधले जाते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु कोणत्या अभ्यासकाने कोणते कागद उघडले, ते कागद मुळात कोणी व कशासाठी तयार केले होते आणि त्यांत कोणाची नोंद करण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती, यांवरही ही मते तितकीच अवलंबून राहिली आहेत. प्रस्तुत लेखात या संशोधनाचा आढावा ग्रंथकारांच्या परंपरेने न घेता साधनांच्या प्रकारांनुसार घेतला असून, एकाच जमिनीविषयीची निरनिराळ्या दप्तरांतील कागदपत्रे एकत्र वाचल्याशिवाय या इतिहासाचा उलगडा होत नाही, हे त्यातून दाखवण्याचा प्रयत्न आहे.

टर्नरचा सिद्धांत आणि जनगणनेची रेषा

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ १२ जुलै १८९३ या दिवसापासून मानला जातो. त्या दिवशी शिकागो येथे, कोलंबसच्या स्मरणार्थ भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या सभेत, विस्कॉन्सिन विद्यापीठातील फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या ३१ वर्षांच्या प्राध्यापकाने अमेरिकी इतिहासातील फ्रंटियरचे महत्त्व सांगणारा निबंध वाचला. अमेरिकी संस्था युरोपातून आणलेल्या बीजांतून वाढल्या, हे तेव्हाचे प्रचलित मत बाजूला सारून, पश्चिमेकडील मोकळ्या जमिनीची उपलब्धता आणि तिच्याकडे होणारी सततची आगेकूच यांनीच अमेरिकी व्यक्तिवाद व लोकशाही घडवली, असे प्रतिपादन टर्नरने केले. ही प्रक्रिया आता संपली आहे, हे सांगताना त्याने १८९० च्या जनगणनेचा आधार घेतला. जनगणनेचे अधीक्षक रॉबर्ट पोर्टर यांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार, वस्ती असलेल्या आणि नसलेल्या प्रदेशांमध्ये सलग रेषा काढणे आता शक्य राहिले नव्हते. दर चौरस मैलाला दोनपेक्षा कमी माणसे असलेला प्रदेश म्हणजे ‘वस्ती नसलेला’ प्रदेश, अशी त्यामागची व्याख्या होती.

या व्याख्येकडे पुढील संशोधनाने दोन अंगांनी पाहिले. पहिली गोष्ट अशी की, ‘करपात्र नसलेले इंडियन’, म्हणजे राखीव प्रदेशांत किंवा आपापल्या जमातींच्या सत्तेखाली राहणारे मूलनिवासी, सर्वसाधारण लोकसंख्येच्या आकड्यात धरलेच जात नव्हते. त्यामुळे एखाद्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या गावे, शेती आणि शिकारीची वहिवाट असली, तरी नकाशावर तो प्रदेश रिकामाच दिसे. टर्नरच्या लेखनातील ‘मोकळी जमीन’ ही अशा रीतीने आधी आकडेवारीत मोकळी झालेली होती. दुसरी गोष्ट साधनांच्या नशिबाची आहे. १८९० च्या जनगणनेची घरोघर भरलेली मूळ पत्रके जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथील वाणिज्य खात्याच्या इमारतीला लागलेल्या आगीत आणि ती विझवताना मारलेल्या पाण्यात मोठ्या प्रमाणावर खराब झाली, आणि उरलेली पत्रके १९३० च्या दशकात काँग्रेसच्या संमतीने नष्ट करण्यात आली. आज त्यांतील एक टक्काही शिल्लक नाही. एकत्रित कोष्टके छापली गेली असल्याने ती उपलब्ध आहेत, परंतु ज्या जनगणनेवर या विषयातील सर्वांत प्रभावी सिद्धांत उभा राहिला, ती कुटुंबवार तपासून पाहणे आता कोणालाही शक्य नाही. मैदानी प्रदेशात वसाहत सर्वाधिक वेगाने झाली त्या १८८० ते १९०० या काळात त्यामुळे मोठी पोकळी निर्माण झाली असून, नेब्रास्का आणि डकोटा येथे १८८५ मध्ये आणि कॅन्ससमध्ये १८८५ व १८९५ मध्ये झालेल्या स्वतंत्र जनगणनांच्या आधारे अभ्यासक ती भरून काढतात.

टर्नरनंतरच्या पन्नास वर्षांत त्याच्या सिद्धांताची डागडुजी आणि मोडतोड दोन्ही झाली. वॉल्टर प्रेस्कॉट वेब याने १९३१ मध्ये मैदानी प्रदेशावरील ग्रंथात असे मांडले की, पूर्वेकडील जंगल व मुबलक पाऊस यांवर आधारलेली शेतीची रीत कोरड्या, वृक्षहीन मैदानात अपुरी पडली आणि काटेरी तार, पवनचक्की यांसारखी साधने आल्यावरच तेथे वस्ती टिकली. हेन्री नॅश स्मिथ याने १९५० मध्ये पश्चिमेची ‘अस्पर्श भूमी’ ही प्रतिमाच अभ्यासविषय केली आणि अशी मिथके धोरणे कशी ठरवतात, हे दाखवले. मर्ल कर्टी याने १९५९ मध्ये विस्कॉन्सिनमधील ट्रेम्पीलो या एकाच काउंटीतील, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासकीय विभागातील, जनगणनेची पत्रके माणूसवार लावून टर्नरचे म्हणणे तपासले. त्याला संधी आणि लोकशाही सहभाग यांविषयी टर्नरच्या बाजूचा बराच पुरावा मिळाला. पण त्याच वेळी, एका जनगणनेत दिसणारी कितीतरी कुटुंबे पुढच्या जनगणनेत तेथे नसतात, हे कॅन्ससबाबत जेम्स मालिन याने आधीच दाखवून दिलेले वास्तवही पुन्हा समोर आले. आद्य वसाहतकार म्हणजे एका ठिकाणी मुळे धरून राहिलेला शेतकरी, ही प्रतिमा त्यामुळे ढासळली, कारण बहुसंख्यांच्या बाबतीत वसाहत हा एकदाच घेतलेला निर्णय नसून वारंवार करावे लागणारे स्थलांतर होते.

मोजणी, कायदा आणि जमिनीची फाइल

वसाहतीच्या इतिहासाचे सर्वांत भक्कम साधन म्हणजे संघराज्याचे जमीनविषयक दप्तर, आणि त्याचा पाया १७८५ च्या भूमी अध्यादेशाने घातला. या अध्यादेशानुसार सार्वजनिक जमिनीची सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत, म्हणजे ‘टाउनशिपां’त, आखणी होई, प्रत्येक टाउनशिपचे ३६ ‘सेक्शन’ पाडले जात, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे ६४० एकरांचा असे, आणि त्यांपैकी सोळावा सेक्शन शाळांसाठी राखून ठेवला जाई. मोजणीदार ६६ फुटांची साखळी धरून चालत आणि कोपऱ्यांच्या खुणा कायम राहाव्यात म्हणून जवळच्या झाडांची जात, खोडाचा व्यास व अंतर वहीत टिपून ठेवत. जमीन विकण्याच्या सोयीसाठी केलेल्या या नोंदींवरून विसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी नांगरटीपूर्वीच्या जंगलांचे व गवताळ प्रदेशांचे नकाशे तयार केले, आणि जॉन कर्टिस याचा विस्कॉन्सिनच्या वनस्पतिसृष्टीवरील १९५९ चा ग्रंथ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मोजणीच्या या जाळ्यामुळे प्रत्येक तुकड्याला जो क्रमांक मिळाला, तोच पुढे संशोधकाच्या हातातील सर्वांत उपयुक्त दुवा ठरला.

जमीन देण्याचे नियम मात्र वारंवार बदलले. १८४१ च्या कायद्याने आधीच जाऊन बसलेल्या वसाहतकाराला १६० एकरांपर्यंतची जमीन एकरी सव्वा डॉलरने विकत घेण्याचा अग्रहक्क दिला. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांच्या स्वाक्षरीने संमत झालेल्या होमस्टेड कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. कुटुंबप्रमुख किंवा २१ वर्षे पूर्ण झालेली, नागरिक असलेली वा नागरिकत्वाचा इरादा नोंदवलेली आणि सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेली कोणतीही व्यक्ती किरकोळ शुल्क भरून १६० एकरांवर दावा सांगू शके, आणि पाच वर्षे राहून, घर बांधून, मशागत करून दाखवल्यावर तिला ‘पेटंट’, म्हणजे मालकीची सनद, मिळे. कायद्याने लिंगाचा उल्लेख टाळल्यामुळे अविवाहित, विधवा व घटस्फोटित स्त्रियांनाही हा हक्क मिळाला. १९७६ मध्ये हा कायदा रद्द होईपर्यंत, आणि अलास्कात त्यानंतर आणखी दहा वर्षे, मिळून सुमारे १६ लाख सनदा दिल्या गेल्या आणि जवळपास २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या एकूण भूभागाच्या सुमारे दहा टक्के जमीन, त्यांखाली गेली.

प्रत्येक दाव्याची फाइल राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि तिची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. तिच्यात मूळ अर्ज, शुल्काच्या पावत्या, परदेशातून आलेल्यांच्या बाबतीत नागरिकत्वाचे कागद, स्थानिक वृत्तपत्रात दिलेल्या जाहीर नोटिशीचे कात्रण आणि ‘अंतिम पुरावा’ या नावाने ओळखली जाणारी जबानी असते. या जबानीत घर कोणत्या सामानाचे व किती लांबीरुंदीचे आहे, त्याला दारे-खिडक्या किती, विहीर खणली का, किती एकर नांगरट झाली, किती हंगाम पीक घेतले, कुटुंबात माणसे किती आणि दावेदार जमिनीपासून दूर किती काळ व कशासाठी राहिला, अशा प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असतात. दावेदाराच्या जबानीला दोन साक्षीदारांची पुष्टी लागे आणि हे साक्षीदार बहुधा शेजारचे दावेदारच असत, त्यामुळे एका फाइलीतील साक्षीदार दुसऱ्या फाइलीत दावेदार म्हणून भेटतो व त्यावरून वस्तीतील नात्यागोत्यांचे आणि उसनवारीचे जाळे उभे करता येते. त्याच वेळी ही जबानी एका ठरावीक उद्देशाने, म्हणजे सनद मिळवण्यासाठी, दिलेली असल्याने तिच्यात अपयश, भांडण वा हतबलता सहसा येत नाही, आणि परस्परांच्या साक्षीवर भिस्त असल्याने शेजाऱ्याच्या बाबतीत खोट काढण्यात कोणाचेच हित नसते.

या दप्तराच्या दोन मर्यादा नवख्या अभ्यासकाला हमखास चकवतात. आज संगणकावर नावाने शोधता येणारी सूची ही सनदांची सूची आहे, म्हणजे तिच्यात केवळ यशस्वी झालेले लोक सापडतात; ज्यांनी दावा सोडून दिला किंवा ज्यांचा दावा रद्द झाला, त्यांचा शोध जमिनीच्या क्रमांकानुसार लिहिलेल्या खातेवह्यांतून घ्यावा लागतो, आणि तसा तो न घेतल्यास अपयशाचे प्रमाण आपोआप कमी दिसते. दुसरी मर्यादा अशी की, महाराष्ट्रातील फेरफार नोंदवही व सातबारा यांत जमिनीची पुढची हालचाल एकाच दप्तरात लागत जाते, तशी ती येथे लागत नाही. सनद निघाली की संघराज्याची फाइल बंद होते, आणि त्यानंतरचे गहाण, विक्री, जप्ती हे सर्व काउंटीच्या नोंदणीवह्यांत शोधावे लागते. दोन्ही दप्तरे न जोडता काढलेले निष्कर्ष त्यामुळे अर्धवट राहतात.

यश, फसवणूक आणि सट्टा

होमस्टेड कायद्याने खरोखर भूमिहीनांना जमीन मिळाली का, हा वाद या साधनभेदाचे उत्तम उदाहरण आहे. पॉल गेट्स याने १९३६ मध्ये असे दाखवले की, फुकट जमिनीचा हा कायदा एका विसंगत व्यवस्थेत येऊन बसला होता. त्याच काळात रेल्वे कंपन्यांना एकूण सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली गेली, रोखीची विक्रीही चालू राहिली आणि सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर एकरी सव्वा डॉलर भरून दावा पक्का करून घेण्याची मुभा सट्टेबाजांच्या पथ्यावर पडली. फ्रेड शॅनन याने १९४५ च्या ग्रंथात याहून कठोर निष्कर्ष काढले आणि नवीन शेतांपैकी फारच थोडी शेते होमस्टेडमधून उभी राहिली, असे मत रूढ झाले. या मताला बळ मिळाले ते बऱ्याच अंशी केंद्रीय भूमी कार्यालयाच्या अहवालांतून, विशेषतः १८८५ ते १८८७ या काळात आयुक्त असलेल्या विल्यम स्पार्क्स यांच्या कारकिर्दीतील अहवालांतून. फसवणूक उघड करणे हेच ज्या आयुक्ताने आपले मुख्य काम मानले, त्याच्या दप्तरात फसवणूक ठळकपणे नोंदली जाणे स्वाभाविक होते.

रिचर्ड एडवर्ड्स, जेकब फ्रीफेल्ड आणि रेबेका विंगो यांनी २०१७ मध्ये नेब्रास्कातील संगणकीकृत फाइलींचा तुकड्यावार अभ्यास करून या मताला आव्हान दिले. मैदानी प्रदेशातील नव्या शेतांच्या निर्मितीत होमस्टेडचा वाटा मोठा होता आणि खोट्या दाव्यांचे प्रमाण जुन्या ग्रंथांत सांगितले जाते त्याहून बरेच कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ गेट्सचे विवेचन निकालात निघाले असा नाही, कारण त्याचा प्रश्न एकूण जमीनवाटपाचा होता आणि नव्या अभ्यासाचा प्रश्न दावेदारांच्या वर्तनाचा आहे. प्रदेशानुसारही उत्तर बदलते. वर्षाला सुमारे २० इंचांहून कमी पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात १६० एकर कुटुंबाला पुरणार नाहीत, असा इशारा जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात दिला होता. तरीही, नांगरट झाली की पाऊस आपोआप वाढतो, या तेव्हाच्या समजुतीवर विसंबून १८८० च्या दशकातील ओल्या वर्षांत हजारो कुटुंबे त्या पट्ट्यात गेली आणि पुढच्या दशकाच्या दुष्काळात त्यांतील अनेकांना जमीन सोडावी लागली. ३२० एकर देणारा सुधारित कायदा यायला १९०९ साल उजाडले.

रोजनिश्या, पत्रे आणि आठवणी

सरकारी दप्तरात न मिळणारा रोजचा जीवनक्रम रोजनिश्या, पत्रे व आठवणींतून मिळतो. १८४० नंतर ऑरेगॉन व कॅलिफोर्नियाकडे बैलगाड्यांच्या तांड्यांनी गेलेल्या प्रवाशांनी इतके लेखन मागे ठेवले आहे की, मेरिल मॅट्स याने १९८८ मध्ये केवळ प्लॅट नदीच्या मार्गावरील अशा दोन हजारांहून अधिक नोंदींची सूची केली. जॉन अनरू याच्या १९७९ च्या ग्रंथाने या साहित्याचा वापर करून एक रूढ समज मोडून काढला. १८४० ते १८६० या काळात मूलनिवाशांच्या हातून मारल्या गेलेल्या प्रवाशांची संख्या त्याच्या हिशेबाने ३६२ भरली, तर प्रवाशांच्या हातून मारल्या गेलेल्या मूलनिवाशांची ४२६. या मार्गांवर सर्वाधिक बळी कॉलऱ्यासारख्या रोगांनी घेतले आणि दोन्ही समाजांत वैराइतकीच देवघेव, वाटाड्यांची मदत आणि नदी उतरवून देण्याचा व्यवहारही होता. हल्ल्यांची चित्रे मनात भरली ती उत्तरकाळातील आठवणी, सवंग कादंबऱ्या आणि पुढे चित्रपट यांमुळे.

स्त्रियांचे लेखन वेगळे काढून वाचण्याची सुरुवातही याच सुमारास झाली. जॉन मॅक फॅरागर याने १९७९ मध्ये आणि लिलियन श्लिसेल हिने १९८२ मध्ये प्रवासातील रोजनिश्यांवरून असे दाखवले की, पश्चिमेला जाण्याचा निर्णय बहुधा पुरुष घेत, तर त्या निर्णयाचा भार गरोदरपण, बाळंतपण, आजारपण आणि चालत्या तांड्यातील स्वयंपाक यांच्या रूपाने स्त्रिया उचलत. पुरुष मैलांचा व चाऱ्याचा हिशेब मांडतात, तेथे अनेक स्त्रिया वाटेवर दिसलेल्या कबरी मोजतात. सँड्रा मायर्स हिच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र स्त्रियांना केवळ नाइलाजाने ओढल्या गेलेल्या मानण्यास हरकत घेतली आणि नव्या प्रदेशात मिळालेल्या स्वातंत्र्याकडे लक्ष वेधले.

अशा लेखनाला दप्तराचा पडताळा किती आवश्यक आहे, हे एलिनोर प्रूइट स्ट्युअर्ट हिच्या उदाहरणाने स्पष्ट होते. वायोमिंगमधून तिने आपल्या माजी मालकिणीला लिहिलेली पत्रे १९१४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि एकटी स्त्री स्वतःच्या बळावर जमीन मिळवू शकते याचा पुरावा म्हणून ती दीर्घकाळ वाचली गेली. शेरी स्मिथ हिने १९९१ मध्ये जमिनीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे आढळले की, मे १९०९ मध्ये दावा नोंदवल्यावर आठवड्याभरातच तिने शेजारच्या जमीनदाराशी लग्न केले होते आणि १९१२ मध्ये तो दावा सोडून दिल्यावर तीच जमीन तिच्या सासूच्या नावे नोंदली गेली. म्हणून पत्रांतील श्रम, हुरूप आणि विनोद खोटे ठरत नाहीत. पण एकाकी यशाची कथा कुटुंबाच्या जमीनव्यवस्थापनाची कथा होते, आणि कायद्यातील अटी व घरातील तडजोडी यांचे नाते त्यातून दिसते.

आठवणींच्या बाबतीत त्या कोणी व केव्हा गोळा केल्या, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीचे लायमन ड्रेपर यांनी १८४० च्या दशकापासून जुन्या सीमावासीयांच्या मुलाखती घेऊन प्रचंड संग्रह केला, परंतु त्यांचा रोख युद्धवीरांकडे असल्याने शेत, घर व बाजार यांच्या खुणा त्यात बाजूला पडल्या. १८७० व १८८० च्या दशकांत निघालेल्या काउंटी-इतिहासांच्या जाडजूड खंडांत चरित्रे छापली जात ती बहुतांशी खंडाचे पैसे भरणाऱ्या वर्गणीदारांची, त्यामुळे निघून गेलेल्या, मजुरी करणाऱ्या वा कर्जात बुडालेल्या माणसांना तेथे जागा नसे. छायाचित्रेही याला अपवाद नाहीत. सॉलोमन बुचर याने १८८६ पासून नेब्रास्कातील कस्टर काउंटीत मातीच्या ढेकळांच्या घरांसमोर उभ्या कुटुंबांची हजारो छायाचित्रे घेतली. त्यांत घोडे, शिवणयंत्र, कलिंगडे अशी मिळकत मुद्दाम समोर मांडलेली दिसते, आणि एका छायाचित्रात तर घर दिसू नये या गृहिणीच्या इच्छेखातर पायपेटी उघड्या माळावर आणून तिच्याभोवती कुटुंब उभे केलेले आहे. गावाकडच्या नातलगांना आपण कसे दिसावे, याची ही नोंद आहे, आणि त्या दृष्टीने वाचल्यास ती अत्यंत मोलाची आहे.

एका कुटुंबाची तीन दप्तरे

लॉरा इंगल्स वाइल्डर हिच्या बालवाङ्मयाने आद्य वसाहतकारांची जगभर पोहोचलेली प्रतिमा घडवली, आणि तिच्याच कुटुंबाच्या बाबतीत साहित्य, जनगणना व करार यांचे दप्तर एकत्र ठेवून पाहता येते. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ या कादंबरीत हे कुटुंब इंडिपेंडन्स या गावापासून चाळीस मैलांवर, निर्जन माळावर राहते. प्रत्यक्षात कॅन्ससमधील त्यांची जागा गावापासून तेराएक मैलांवर होती. १८७० च्या जनगणनेत हे कुटुंब तेथे नोंदलेले आहे. कादंबरीत विस्कॉन्सिनहूनच सोबत आलेले धाकटे बाळ वास्तवात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅन्ससमध्ये जन्मले होते, आणि लॉरा स्वतः तेव्हा अवघी तीन वर्षांची असल्याने तिच्या ‘आठवणी’ मुख्यतः घरात ऐकलेल्या गोष्टी होत्या.

याहून महत्त्वाची बाब जमिनीची आहे. ती जमीन होमस्टेडसाठी खुली नव्हती. १८६५ च्या करारानंतर ओसेज जमातीकडे उरलेल्या राखीव प्रदेशात ती मोडत होती, आणि इंगल्स कुटुंबासह शेकडो गोरे वसाहतकार तेथे हक्काशिवाय बसले होते. जुलै १८७० मध्ये काँग्रेसने कायदा केला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओसेज जमातीने दबावाखाली संमती दिली आणि ती दक्षिणेकडील इंडियन टेरिटरीत गेली. कादंबरीतील कुटुंब लष्कर हुसकावून लावील या भीतीने माघारी जाते. उपलब्ध पुराव्यानुसार विस्कॉन्सिनमधील त्यांच्या शेताचा खरेदीदार पैसे भरू न शकल्याने १८७१ मध्ये त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. पुढे मिनेसोटा, आयोवा अशी भ्रमंती करून चार्ल्स इंगल्स याने १८८० मध्ये डकोटा टेरिटरीत होमस्टेडचा दावा नोंदवला, १८८६ मध्ये अंतिम पुरावा सादर केला आणि नंतर शेत सोडून कुटुंब गावात राहायला गेले. कॅरोलाइन फ्रेझर हिने २०१७ च्या चरित्रग्रंथात ही सर्व साधने एकत्र आणून, स्वावलंबनाची ही गाथा १९३० च्या दशकातील मंदीत, मुलगी रोझ वाइल्डर लेन हिच्या संपादनातून आणि सरकारी मदतीला असलेल्या विरोधातून कशी आकाराला आली, हे दाखवले. मालिन आणि कर्टी यांनी आकड्यांत टिपलेली अस्थिरता आणि करारांच्या दप्तरातील भूमिहरण ही दोन्ही या एका कुटुंबाच्या वाटचालीत एकत्र भेटतात.

रेषेच्या पलीकडचे पुरावे

मूलनिवाशांच्या बाजूने हा इतिहास लिहिण्यासाठी लागणारी साधने नव्हती, हा समज फार काळ टिकला. लाकोटा व इतर मैदानी जमातींत ‘हिवाळी गणना’ ठेवण्याची प्रथा होती. प्रत्येक वर्षासाठी कातड्यावर एक चित्र काढले जाई व त्या चित्रावरून वर्ष सांगितले जाई. नोव्हेंबर १८३३ मधील मोठा उल्कावर्षाव अनेक गणनांत आढळत असल्याने त्यांची सांगड ग्रेगरीय कालगणनेशी घालता येते आणि देवीच्या साथी, तह व लढाया यांचा क्रम लागतो. चार्ल्स रॉयस याने १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत व नकाशांत जमातींनी सोडलेल्या प्रत्येक भूभागाची करारासह नोंद आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन क्लेम्स कमिशनपुढे, म्हणजे जमातींच्या जमीनविषयक तक्रारींच्या निवाड्यासाठी नेमलेल्या आयोगापुढे, साक्ष देण्यासाठी इतिहासकार व मानवशास्त्रज्ञ या दोघांनाही जुनी दप्तरे आणि मौखिक परंपरा एकत्र अभ्यासाव्या लागल्या, आणि त्यातूनच १९५० च्या दशकात ‘एथ्नोहिस्टरी’, म्हणजे लिखित व मौखिक पुराव्यांची सांगड घालणारी अभ्यासशाखा, दृढ झाली.

१९८० नंतरच्या ‘नव्या पश्चिमी इतिहासा’ची पायाभरणी या कामाने आधीच करून ठेवली होती. पॅट्रिशिया लिमरिक हिने १९८७ मध्ये फ्रंटियर १८९० साली संपला ही मांडणी नाकारून जमीन, पाणी व खनिजे यांवरील ताब्याची स्पर्धा आजतागायत चालू असल्याचे प्रतिपादन केले. रिचर्ड व्हाइट याने १९९१ मध्ये पंचमहासरोवरांच्या प्रदेशात कोणालाही निर्णायक बळ नसल्याने तयार झालेल्या परस्पर तडजोडीच्या जगाचे चित्र उभे केले, आणि पेक्का हॅमलाइनेन याने २००८ मध्ये कोमांची जमातीची सत्ता स्वतःच विस्तारवादी साम्राज्यासारखी होती, असे मांडले. पॅट्रिक वुल्फ याच्या २००६ च्या निबंधानंतर ‘सेटलर कलोनियलिझम’ ही संकल्पना, म्हणजे श्रम लुटण्याऐवजी मूळ रहिवाशांना हटवून त्यांच्या जागी स्वतः वसणाऱ्या वसाहतवादाची संकल्पना, रूढ झाली. नेल पेंटर हिने १९७६ मध्ये दक्षिणेतून कॅन्ससला गेलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांचा अभ्यास केला. १८७७ मध्ये वसलेले त्यांचे निकोडेमस हे गाव दाखवते की, भेदभावातून सुटकेसाठी आलेली माणसेही दुसऱ्यांच्या जमिनीवरून सरकणाऱ्या सीमेचा भाग झाली.

१८८७ च्या डॉझ कायद्याने जमातींची सामूहिक मालकी मोडून कुटुंबांना सामान्यतः १६० एकरांचे तुकडे वाटले आणि ‘शिल्लक’ ठरवलेली जमीन वसाहतीला खुली केली. मूलनिवाशांच्या मालकीची जमीन १८८७ मध्ये सुमारे १३.८ कोटी एकर होती, ती १९३४ पर्यंत ४.८ कोटी एकरांवर आली. होमस्टेड आणि भूमिहरण यांचा कालक्रम मात्र सर्वत्र सारखा नव्हता. काही राज्यांत जमिनी होमस्टेड कायद्याच्या कितीतरी आधी काढून घेतल्या गेल्या होत्या, तर डकोटा व ओक्लाहोमा येथे वसाहतकारांचा रेटा हेच राखीव प्रदेश आक्रसण्याचे थेट कारण ठरले. हा फरक सरसकट विधानांनी सुटत नाही आणि प्रदेशवार तपासणीनेच स्पष्ट होतो.

आजची स्थिती

सव्वाशे वर्षांच्या या अभ्यासातून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. फ्रंटियर ही रिकाम्या जमिनीची कड नव्हती, वसाहत हे एकट्या पुरुषाचे नव्हे तर कुटुंबाचे काम होते, बहुतेक वसाहतकार एका ठिकाणी टिकले नाहीत, आणि मोजणी, लष्कर, रेल्वे व कायदा यांच्या रूपाने शासन त्यांच्या आधी वा सोबत तेथे हजर होते. वाद उरला आहे तो प्रमाणांचा आणि कार्यकारणाचा. होमस्टेडने किती कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत दिली, सोडून दिलेल्या दाव्यांमागे दुष्काळ, कर्ज आणि सट्टा यांपैकी कशाचा वाटा किती होता, आणि वसाहतीच्या दबावाने कोणता करार किती घाईने झाला, हे प्रश्न अजून खुले आहेत.

या प्रश्नांची उत्तरे लांबण्याचे मुख्य कारण दप्तरांच्या रचनेत आहे. करार जमातीच्या नावाने लावलेले आहेत, होमस्टेडच्या फाइली भूमी कार्यालयानुसार, गहाणखते काउंटीनुसार, रोजनिश्या लेखकाच्या नावाने आणि जनगणना वस्तीनुसार. शासनाने ज्या ज्या कामासाठी कागद तयार केले, त्या त्या कामाच्या चौकटीत ते अडकून पडले आहेत. या सर्वांना जोडणारी समान गोष्ट एकच, ती म्हणजे टाउनशिप व सेक्शनच्या क्रमांकाने ओळखला जाणारा जमिनीचा तुकडा. त्या क्रमांकाने सारी दप्तरे एकत्र लावली, तर एकाच जमिनीचा करारापासून गहाणखतापर्यंतचा प्रवास सलग वाचता येतो आणि वसाहतकार व मूलनिवासी यांचे इतिहास वेगवेगळ्या ग्रंथांत लिहिण्याचे प्रयोजन उरत नाही. टर्नरच्या सिद्धांताचे समर्थन वा खंडन करण्यापेक्षा आज हे जोडकाम अधिक निकडीचे आहे, कारण कोणत्याही बाजूच्या युक्तिवादाची खरी परीक्षा त्यातूनच होणार आहे.